पोचले असे समजावे

बँकेत ज्या कारकुनाला कुठलंच काम धड जमत नाही असा साहेबांचा समज होतो, त्याच्या गळ्यात आवक-जावक बांधतात. माझ्या गळ्यात ती आजवर तीनदा पडली. पहिल्या वेळी मी नवा होतो म्हणून, दुसऱ्या वेळी साहेब नवे होते म्हणून, आणि तिसऱ्या वेळी, म्हणजे सध्या, एका मासिकात माझा विनोदी लेख आला आणि तो साहेबांच्या सौभाग्यवतींनी वाचला म्हणून. (लेखात एक साहेब होते. जगातल्या प्रत्येक साहेबाला ते आपणच आहोत असं वाटतं, याला लेखकाने काय करावे?)

आवक-जावक म्हणजे आलेलं टपाल एका ठिकाणी चढवायचं आणि गेलेलं दुसऱ्या ठिकाणी. पूर्वी त्याच्या दोन लांबलचक वह्या असत, आता संगणकावर दोन रकाने आहेत. शाई तेवढी बोटांना लागत नाही. पण टपालाची एक तिसरी जातही असते. गेलेलं आणि परत आलेलं. त्याला संगणकात रकाना नाही. त्याच्यासाठी आमच्या शाखेत स्टेशनरीच्या खोलीमागे एक लोखंडी कपाट आहे. गुडघ्याने ढकलल्याशिवाय ते मिटत नाही, आणि उघडायचं झालं तर उघडणाऱ्याने आधी चष्मा काढून ठेवलेला बरा.

या कपाटातल्या पाकिटांवर पोस्टमन मंडळींनी मारलेले शेरे मी जेवणाच्या सुट्टीत वाचत बसतो. मराठीत इतकं काटकसरीचं लेखन दुसरं नसेल. ‘घर बंद’. ‘पत्ता अपुरा’. ‘सोडून गेले’. ‘घेण्यास नकार’. आम्ही लेखक मंडळी ज्याला दोनशे पानं घेतो ते ही माणसं सायकलवर एक पाय ठेवून दोन शब्दांत उरकतात. एका पाकिटावर नुसतं ‘मयत’ असं लिहिलेलं आहे. त्याखाली आमच्याच शाखेतल्या कुणा जुन्या साहेबांचा हिरव्या शाईतला शेरा आहे : ‘पुन्हा पाठवा.’

आता हे वाचून काही वाचकांनी सरसावून बसायला सुरुवात केली असेल, की चला, आज पोस्टाची छान टवाळी ऐकायला मिळणार. त्यांनी पुन्हा टेकून बसावं. पोस्टमनला नावं ठेवणं हा आपल्या वर्गाचा जुना फावल्या वेळचा उद्योग आहे, आणि त्यात भर घालायची माझी इच्छा नाही. लिफ्ट बंद असताना चौथा मजला चढून येणारा आणि पाणीसुद्धा न मागता जाणारा सरकारी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझं भांडण आहे ते एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे ‘पोचले’. गेली काही वर्षं तो माझ्या डोळ्यांदेखत वाटेल तसा वापरला जातो आहे, आणि वापरणाऱ्यांत, लाज वाटते सांगायला, मीही आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. काका गेल्यावर त्यांनी भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकायला सुरुवात केली. आधी इमारतीत, मग गल्लीत, आणि आता इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांपर्यंत त्यांची पाकिटं जातात. मदतीला दोन बायका आहेत आणि पाकिटं सीलबंद करणारं एक यंत्र आहे. ते यंत्र घेताना काकूंनी हातातल्या पाटल्या बँकेत ठेवल्या आणि सोन्यावर कर्ज काढलं. बँक आमचीच, शाखाही आमचीच. काकूंचं व्याज महिन्याच्या महिन्याला येतं. एवढा नेमाचा कर्जदार पाहिला की बँकेला जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं. पण सोनेतारण कर्जाला एक मुदत असते, ती संपली की कर्ज फेडायचं किंवा कागदपत्रं नव्याने करायची, हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं.

सांगितलं नव्हतं कसं? बँकेने पत्र पाठवलं होतं. मग आठवणीचं पत्र पाठवलं होतं. मग ‘अमुक तारखेपर्यंत हजर न राहिल्यास तारण दागिन्यांचा लिलाव करण्यात येईल’ अशी नोटीस पाठवली होती. मोबाईलवर संदेशही पाठवले होते. फक्त खात्याला नोंदवलेला नंबर काकांचा होता. काका गेले, आणि वर्षभराने पाठोपाठ नंबरही गेला.

एक दिवस लिलावाच्या फाईलला पोचपावत्या लावायचं काम माझ्याकडे आलं. यांत्रिकपणे एकेक पावती टाचत होतो, तो एका पत्त्यापाशी हात थांबला. इमारत आमची. ब्लॉक नंबर तीन. नाव काकूंचं. आणि सही? काकूंची सही मी ओळखतो, मेतकुटाच्या बिलावर दर महिन्याला पाहतो. वळणदार, शेवटच्या अक्षराला छोटीशी वेलांटी. पावतीवरची सही शाईच्या दौतीत पडलेल्या पालीने बाहेर येऊन चालावं तशी होती.

मी तिथूनच फोन लावला. “काकू, तुम्हाला बँकेचं एक पाकीट आलं होतं का हो?”

“अरे, मला कसलं पाकीट येतंय? लग्नसराई संपली की केव्हाच.”

संध्याकाळी घरी न जाता मी सरळ वॉचमनच्या केबिनमध्ये गेलो. आमचे वॉचमन मामा लातूरकडचे. भला माणूस. पावती दाखवल्याबरोबर त्यांनी सही ओळखली. “माझीच हाय की,” ते अभिमानाने म्हणाले. “पोस्टमन बोलला, बाई घरात न्हाईत, सही करा. केली.”

“मग पाकीट कुठंय?”

मामांनी टेबलावरचा जेवणाचा डबा उचलला. पाकीट डब्याखाली होतं. “डबा गरम आसतो ना सायेब. टेबलाचा सनमायका उचलतो.” पाकिटावर हळदीचं एक पूर्ण गोल वर्तुळ उमटलं होतं, कंपासने काढल्यासारखं. पाच आठवडे तारण सोन्याची नोटीस मामांच्या वरणाची उष्णता सोसत पडली होती. लिलावाला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी काकू शाखेत आल्या, कागदांवर सह्या केल्या, आणि पाटल्या वाचल्या. म्हणजे गोष्ट गोड झाली. पण बाहेर पडताना दाराशी थांबून काकू मला म्हणाल्या, “अरे, आणि तू दुसऱ्या शाखेत असतास तर?”

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. उत्तर नसलं की मी बोलतो.

साहेबांपुढे विषय काढला तर ते पावतीवर बोट ठेवून म्हणाले, “सही आहे ना? मग नोटीस पोचली.” मी म्हटलं, “साहेब, सही वॉचमनची आहे.” साहेब म्हणाले, “पण आहे ना?” त्यांच्या बाजूने कायदा होता. माझ्या बाजूने हळदीचा डाग होता.

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला व्यापारी कायदा हा विषय होता. त्यात मला नेमके एकोणचाळीस मार्क पडले, तेव्हा पुढचं विवेचन त्या बेतानेच घ्यावं. १८७२ च्या करार कायद्याचं चौथं कलम असं, की प्रस्तावाला होकार देणारं पत्र टपालात पडलं की प्रस्ताव करणारा बांधला गेला. पत्र त्याला मिळो न मिळो. याचं मूळ इंग्लंडातल्या एका लोकरीच्या भानगडीत आहे. १८१७ च्या सप्टेंबरात एका लोकरवाल्या व्यापाऱ्याने दुसऱ्याला ‘माल घेता का, टपालाने कळवा’ असं पत्र टाकलं, पण पत्त्यात जिल्हा चुकीचा लिहिला. पत्र उशिरा पोचलं. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी ‘घेतो’ म्हणून उत्तर टाकलं. ते यायच्या आदल्या दिवशी पहिल्याने वाट पाहून कंटाळून लोकर तिसऱ्यालाच विकून टाकली. ॲडम्स विरुद्ध लिंडसेल. १८१८ साली निकाल लागला तो ‘घेतो’ म्हणणाऱ्याच्या बाजूने. आणि न्यायाधीशांनी हेही पाहिलं, की उशीर झाला तो पत्ता चुकवणाऱ्यामुळे, तेव्हा भुर्दंडही त्यालाच. परीक्षेत मी लोकरीऐवजी कापूस लिहिला होता. पण मुद्दा मला तेव्हाही कळला होता. पत्र हरवलं, लांबलं तर आधी विचारायचं, की चूक कुणाची?

आपल्याकडे हे विचारायची गरज राहिलेली नाही. कारण आपल्याकडे दोन कायदे झाले, आणि तेही लागोपाठच्या सालांत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं सत्ताविसावं कलम म्हणतं : बरोबर पत्ता लिहून, पुरेसं तिकीट लावून, रजिस्टर पत्र टाकलंत ना? मग उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचलं असं समजावं. आणि १८९८ च्या पोस्ट ऑफिस ॲक्टचं सहावं कलम म्हणतं : पत्र हरवलं, भलत्याच्या हाती पडलं, उशिरा गेलं किंवा खराब झालं तर, सरकारने स्वतःहून पत्करली असेल तेवढी सोडून, कसलीही जबाबदारी सरकारवर नाही. म्हणजे एका वर्षी सरकारने सांगितलं की आमचं पत्र पोचतंच, आणि दुसऱ्या वर्षी सांगितलं की न पोचलं तर आमच्याकडे येऊ नका. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, रँडचा वध झाला होता. सरकार घाईत असेल, दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून बघायला वेळ मिळाला नसेल, असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो.

पण मग २०२३ साली नवा पोस्ट ऑफिस कायदा आला आणि २०२४ च्या १८ जूनपासून लागू झाला. साम्राज्य गेलं, राणी गेली, तार गेली (२०१३ च्या जुलैत), सव्वाशे वर्षांचा कायदा गेला. मी मोठ्या आशेने नवा कायदा उघडला. दहाव्या कलमात ते वाक्य नव्या कपड्यांत बसलेलं होतं : नियमांनी ठरवून दिली असेल तेवढी सोडून, पोस्टावर आपल्या सेवेबाबत कोणतीही जबाबदारी नाही.

आता ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे शब्द आहेत, हे मला ठाऊक आहे. पण वाचकहो, न मिळालेल्या पत्राचा पुरावा कसला असतो? मिळालेलं पत्र दाखवता येतं. न मिळालेलं पत्र खिशातून काढून कोर्टापुढे ठेवणारा जादूगार मला अजून भेटायचा आहे. काकूंपाशी निदान हळदीचं वर्तुळ होतं.

नियमांनी ठरवून दिलेली जबाबदारी किती, तेही बघू. हा हिशेबाचा भाग आहे आणि तिथे माझे मार्क जरा बरे होते. समजा, काकूंनी साडेअकराशे रुपयांचा मसाला आणि भाजणी स्पीड पोस्टाने इंदूरला धाडली, खर्च नव्वद रुपये आला, आणि पार्सल गडप झालं. इतकी वर्षं चालत आलेला नियम असा, की भरलेल्या खर्चाच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळेल. म्हणजे एकशेऐंशी. ‘जी रक्कम कमी असेल ती’ हे शब्द सरकारी कागदात दिसले, की ते आपल्यासाठी लिहिलेले आहेत असं खुशाल समजावं. विमा उतरवता येतो, हे खरं. पण साडेअकराशेच्या मालात काकूंना सुटतात किती, आणि त्यातून विमा कशाकशाचा उतरवायचा?

आता माझ्या साडूंकडे वळतो, कारण त्यांचं दुखणं उलट्या बाजूचं आहे. साडूंचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं. शिवाय हौस म्हणून ते दरसाल एक दिवाळी अंक काढतात. (हौस म्हणजे ज्या धंद्यात तोटा बायकोपासून लपवावा लागतो ती.) अंक वर्गणीदारांना साध्या बुकपोस्टाने जातात. दिवाळी झाली की पंधरा दिवसांत फोन सुरू होतात : “अंक मिळाला नाही.” साडू दुसरा अंक पाठवतात. त्यासाठी त्यांनी एक वही केली आहे, तिच्यावर ‘न पोचलेले’ असं लिहिलं आहे. त्यातल्या एका गृहस्थांना सलग तीन वर्षं अंक पोचला नव्हता. चौथ्या वर्षी साडू काही कामाने त्यांच्या गावी गेले असता भेटायला गेले, तर टीपॉयवर तिन्ही वर्षांचे अंक होते. प्रत्येकी दोन. “एक वाचायला, एक ठेवायला,” गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी चहाही दिला.

पोस्टाच्या बदनामीवर पोट भरणारे असे लोक आपल्याकडे फार आहेत, आणि त्यांचा विचार टीकाकार कधीच करत नाहीत. ‘चेक पोस्टात टाकलाय’ या एका वाक्यावर या देशातले किती धंदे किती महिने बिनव्याजी भांडवल वापरत आले असतील! माणूस स्वतः खोटं बोलत नाही. तो फक्त पोस्टाकडे बोट दाखवतो, आणि बिचारं पोस्ट उलट बोलत नाही. साडूंना एका गिऱ्हाइकाने अडतीस हजार चारशेचा चेक असाच दोन महिने ‘पोस्टात’ ठेवून दिला. शेवटी दिला तो हातोहात दिला, आणि तो वटला नाही.

चेक वटला नाही की बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला पंधरा दिवस. त्याने भरले नाहीत तर पुढे एक महिन्यात कोर्टात फिर्याद. साडूंनी वकिलामार्फत रजिस्टर नोटीस धाडली. ती परत आली. ‘घर बंद, सूचना दिली.’ सात दिवस पोस्टात पडून राहिली, कुणी न्यायला आलं नाही. साडू पाकीट घेऊन रडवेल्या चेहऱ्याने वकिलाकडे गेले, तर वकील म्हणाले, “छान झालं. पोचली.” सर्वोच्च न्यायालयानेच २००७ साली सांगितलंय, की पत्ता बरोबर असला तर अशी नोटीस बजावली गेली असं धरता येतं. साडू बराच वेळ पाकीट हातात उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझे पोचलेले अंक पोचले नाहीत, आणि ही परत आलेली नोटीस पोचली!”

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग कायदा चांगलाच आहे की. साडूंसारख्या छोट्या माणसाला त्यानेच तारलं. बरोबर आहे, आणि म्हणूनच मी सावधपणे भांडतो आहे. दार लावून आत बसणाऱ्या लबाडासाठी ‘पोचले असे समजावे’ हे औषध अगदी रामबाण. पण हेच औषध, तीच मात्रा, तळमजल्यावर भाजणी भाजणाऱ्या काकूंना कशी लागू पडेल? लबाडाला पत्र नको असतं म्हणून मिळत नाही. काकूंना हवं असूनही मिळालं नाही. पावतीवर दोघं सारखेच दिसतात. आणि पाठवणारा जितका मोठा, तितकी ही पावती त्याला जास्त प्यारी. मोठ्या कचेऱ्यांना पत्र पोचायला नकोच असतं मुळी. त्यांना पत्र पाठवल्याचा कागद हवा असतो. पूर्वी ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ म्हणून एक प्रकार होता. पत्र टाकलं एवढ्याचाच शिक्का मिळायचा, पत्राचं पुढे काय झालं ते देव जाणे. पोस्टाने तो २०११ साली बंद केला. शिक्का बंद झाला; वृत्ती काही पोस्टाच्या हातात नव्हती.

आमच्या लहानपणी ‘रजिस्टर आलंय’ अशी हाक आली की घरात क्षणभर सगळे गप्प होत. वडील चष्मा लावीत, आई हात पुसत बाहेर येई. काय असेल ते असो, ते माणसाच्या हातात पडत असे आणि पडल्याची गुलाबी पोच उलट जात असे. २०२५ साली स्वतंत्र रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. रजिस्टर करायचं असेल तर आता ते स्पीड पोस्टावर जादा पैसे भरून मागून घ्यायचं, मिसळीवर जादा फरसाण मागतात तसं. छापील पुस्तकं रजिस्टर करून स्वस्तात पाठवण्याची सोय २०२४ च्या डिसेंबरात गेली; तिच्या जागी २०२५ च्या १ मेपासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं, पण त्यात नियतकालिकांना जागा नाही, म्हणजे साडूंचा दिवाळी अंक ज्ञानात मोडत नाही. (अंक मी वाचला आहे. या एका बाबतीत पोस्टाचा निर्णय अगदीच चुकला असं म्हणवत नाही.)

माझा मुलगा म्हणतो, “बाबा, पत्र कोण पाठवतं हल्ली?” त्याला मी विचारतो, तुझ्या आईचा पासपोर्ट कशाने आला? तुझं आधार कार्ड? आमच्या बँकेचं नवं चेकबुक? सगळं पोस्टमननेच आणून दिलं. जग ई-मेलवर गेलं असेल, पण ज्या कागदाने माणसाचं घर, दागिना, पेन्शन हलतं तो कागद अजून पाकिटातच असतो. शिवाय ई-मेलचं काय मोठं कौतुक? २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही साधारण हाच न्याय आहे : तुम्ही सांगितलेल्या संगणकात संदेश शिरला की तो तुम्हाला मिळाला, मग तुम्ही उघडा न उघडा. काकूंचा ई-मेल त्यांच्या भाच्याने काढून दिला आहे. पासवर्ड भाच्याकडे आहे. भाचा ऑस्ट्रेलियात आहे.

पिन कोड हे आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांचं काम. ते टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतात कविता करीत. १९७२ च्या १५ ऑगस्टला त्यांचे सहा आकडे सुरू झाले. देशात एका नावाची गावं इतकी, की नुसतं ‘वडगाव’ लिहिलेलं पत्र वेडं होऊन फिरत राही. सहांतला पहिला आकडा विभाग सांगतो, शेवटचे तीन पत्र वाटणारं पोस्ट ऑफिस सांगतात. हे सहा आकडे काश्मीरपासूनचं पत्र बिनचूक आमच्या भागातल्या पोस्टात आणून सोडतात. तिथून काकूंच्या हातापर्यंतचं जे अंतर आहे त्याला आकडा नाही. ते अंतर पूर्वी पोस्टमन तोंडओळखीवर चालून जात असे. काकू दुपारी मंदिरात असतात हे त्याला ठाऊक असे. आता त्याच्या वाट्याला इमारती किती, मजले किती, आणि प्रत्येक इमारतीच्या दारात एक मामा उभे, ‘वर जाऊ नका, सही मी करतो’ म्हणायला. ही व्यवस्था पोस्टाने केलेली नाही. सोसायटीच्या सभेत चोरांच्या भीतीने आपणच केली. ठरावाला अनुमोदन माझं आहे.

आणि गंमत सांगतो. आमच्या शाखेपासून आमची इमारत चालत सात मिनिटांवर आहे. काकूंची ती नोटीस सात मिनिटांचं अंतर कापायला पोस्टात गेली, पोस्टातून छाननीच्या मोठ्या केंद्रावर गेली, तिथून परत आमच्या भागातल्या पोस्टात आली, आणि तिसऱ्या दिवशी मामांच्या डब्याखाली आली. तिन्ही संध्याकाळी मी त्याच रस्त्याने त्याच इमारतीत चालत गेलो होतो. खिशात मेतकुटाचं बिलही असेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी एकोणचाळीस मार्कांच्या अधिकाराने मांडतो. पावतीवर सही दुसऱ्याची असेल, तर ज्याला लिलाव करायचा आहे त्याने आधी माणूस पाठवावा. सात मिनिटं लागतात. ‘पोचले असे समजावे’ याचा फायदा ज्याला पाहिजे, न पोचल्याचा तोटाही त्याच्याच खाती टाकावा. व्यापारात याला जमाखर्च म्हणतात. आणि सरकारला आपलं टपाल पोचतंच अशी खात्री असेल तर त्याने न पोचल्याची भरपाई द्यावी, आणि नसेल तर ‘पोचलं’ असं आम्हाला समजायला लावू नये. १८९७ आणि १८९८ यांपैकी एक साल मागे घ्या. कुठलं, ते मी सांगत नाही. मला दोन्ही चालतील.

यातला बँकेपुरता भाग मी रीतसर सूचना म्हणून आमच्या मुख्य कचेरीला लिहून पाठवला. टपालाने पाठवला, स्पीड पोस्ट, वर रजिस्टरचे जादा पैसे स्वतःच्या खिशातून. महिना झाला, उत्तर नाही. मीही काही कमी कारकून नाही. माझ्याकडे पावती होती. पोचलं असं समजून मी घरी बायकोला सांगूनही टाकलं, की सूचनेवर वर विचार चालू आहे.

परवा संध्याकाळी गेटातून आत शिरताना मामांनी हाक मारली. “सायेब, तुमचं एक पाकीट आलंय. आज चार दिस झाले, सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघा.” मी पाहिलं, माझंच अक्षर होतं. मुख्य कचेरीची इमारत पंधरा मजली आहे, आणि मी मजला लिहिला नव्हता. कोपऱ्यात दोन शब्द होते : ‘पत्ता अपुरा.’ पाकिटावर या खेपेला डाग नव्हता. मामा हल्ली डब्याखाली वर्तमानपत्र घेतात.